निगेटिव्ह रक्तगट असलेल्या लेकीला माहेरी आणण्याआधी: कूम्ब्स तपासणी कधी, कुठे, कशी

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातवा लागला की ओटी भरायची, डोहाळजेवण उरकायचं आणि लेकीला घरी आणायचं, ही रीत जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आहे. आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर असली तर सातव्याचीही वाट कुणी बघत नाही. रीत चांगलीच आहे, पण निगेटिव्ह रक्तगटाच्या बाईची सगळ्यात महत्त्वाची रक्ततपासणी (कूम्ब्स) आणि सगळ्यात महत्त्वाचं इंजेक्शन (अँटी-डी) नेमकं याच दिवसांत येतं, २८व्या आठवड्याला. सासरच्या दवाखान्याला वाटतं, आता माहेरी करतील. माहेरच्या डॉक्टरांना वाटतं, सासरी झालंच असेल. आणि दोन्हीकडून राहून जातं. मी रक्ताच्या तपासण्यांच्या कामात आहे. नववा महिना लागल्यावर पहिल्यांदाच कूम्ब्ससाठी आलेला नमुना हातात घेताना जीव तुटतो, कारण हे टाळता येण्यासारखं असतं. म्हणून ज्यांच्या घरात हे पहिल्यांदाच घडतंय त्यांच्यासाठी सगळं सलग लिहिते आहे.

आधी कारण समजून घ्या

आपल्या तांबड्या पेशींवर ‘डी’ नावाचं एक प्रथिन असतं. ज्यांच्यात ते असतं ते पॉझिटिव्ह, ज्यांच्यात नसतं ते निगेटिव्ह. भारतात शंभरात साधारण पाच जण निगेटिव्ह असतात. हा आजार नाही, दोष नाही, आणि सुनेच्या माथी मारायची गोष्ट तर मुळीच नाही.

आई निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असला की बाळ पॉझिटिव्ह होऊ शकतं. पोटात असताना आई आणि बाळाचं रक्त सहसा मिसळत नाही, पण बाळंतपणात वार सुटताना, गर्भपातात, पोटाला मार लागल्यावर बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात जातं. आईचं शरीर त्या पेशींना परकं समजतं आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करतं. याला वेळ लागतो, त्यामुळे पहिलं बाळ बहुतेक वेळा सुखरूप असतं. पण एकदा तयार झालेल्या अँटिबॉडी आयुष्यभर राहतात. पुढच्या खेपेला बाळ पुन्हा पॉझिटिव्ह असलं तर त्या वारेतून पलीकडे जातात आणि बाळाच्या तांबड्या पेशी फोडू लागतात. बाळाचं रक्त कमी होतं, अंगात पाणी भरतं, जन्मताच कावीळ चढते, कधी बाळ पोटातच जातं.

घरातल्या वडीलधाऱ्या बाया म्हणतात, “पहिलं पोर ते चांगलं व्हयनं, मंग आते काय व्हई?” त्यांच्या डोळ्यांपुढे जे घडलं त्यावरून त्या बोलतात, त्यांना दोष नाही. पण या बाबतीत पहिलं चांगलं होणं ही दुसऱ्याची हमी नसते. पूर्वी पहिलं मूल धडधाकट आणि नंतरची एकामागून एक दगावली, की नजर, बाहेरची बाधा, करणी असं काहीबाही बोललं जायचं. त्यातल्या किती घरांत रक्तगट हे कारण असेल, याचा विचार केला की वाईट वाटतं.

पहिली पायरी: दिवस गेल्याचं कळताच रक्तगट

पहिल्या तपासणीतच रक्तगट होतो आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिला जातो. शाळेच्या शिबिरात किंवा गाडीच्या लायसन्ससाठी म्हणून कधीतरी काढलेल्या रक्तगटावर विसंबू नका, नव्याने करून घ्या. निगेटिव्ह निघाला तर त्याच आठवड्यात नवऱ्याचाही करा. तो पॉझिटिव्ह असेल तर पुढचं सगळं लागू. दोघंही निगेटिव्ह असतील तर बाळ निगेटिव्हच होतं आणि ही काळजी उरत नाही, पण तो निर्णय डॉक्टरांना नवऱ्याचा रिपोर्ट दाखवूनच घ्या. “माझाही निगेटिव्हच आहे बहुतेक” एवढ्यावर सोडायचं नाही.

कार्डाच्या पहिल्या पानावर रक्तगट लाल पेनाने ठळक लिहून घ्या. आशाताईंना सांगा, त्या जोखमीच्या मातांच्या यादीत नाव घालतील. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तिथे डॉक्टर स्वतः बघतात. तो दिवस चुकवू नका.

दुसरी पायरी: पहिली कूम्ब्स

रक्तगट निगेटिव्ह आल्यावर लगेच, म्हणजे तिसऱ्या महिन्याच्या आतच, ‘इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट’ करायची. १९४५ साली केंब्रिजमध्ये रॉबिन कूम्ब्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ही पद्धत शोधली, तिचं तत्त्व आजही तेच आहे. आईच्या रक्तात अँटिबॉडी आहेत की नाहीत, एवढंच ती सांगते.

चिठ्ठीवर डॉक्टर बहुतेक ‘आयसीटी’ एवढंच लिहितात. सरकारी रुग्णालयात याच नावाशी मिळतंजुळतं ‘आयसीटीसी’ केंद्र असतं, ते एचआयव्हीच्या तपासणीचं. माणसं चिठ्ठी घेऊन तिकडच्या रांगेत उभी राहतात, तिथे तपासणी होते आणि कूम्ब्स झाली असं समजून घरी जातात. म्हणून खिडकीवर तोंडाने स्पष्ट सांगा: “निगेटिव्ह गटाची कूम्ब्स टेस्ट करायची आहे.”

कुठे करायची? प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तगट होतो, कूम्ब्स बहुतेक ठिकाणी होत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आणि रक्तपेढी आहे, पहिली चौकशी तिथे करा. चोपडा, शिरपूर, शहादा अशा तालुक्याच्या गावी खाजगी लॅबवाले नमुना घेऊन मोठ्या लॅबला पाठवतात, रिपोर्ट एक-दोन दिवसांनी येतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईच्या तपासण्या आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. बाहेरून करून आणायला सांगितलं तर आधी नम्रपणे विचारा, “इथे होत नाही का? वरच्या दवाखान्याची चिठ्ठी मिळेल का?”

उपाशी जायची गरज नाही. हातातून तीन ते पाच मिली रक्त घेतात, बस. धडगाव-अक्कलकुव्याकडून, मोलगीच्या डोंगरातून येणाऱ्यांनी जेवून, पाणी पिऊनच निघावं. एक खबरदारी मात्र आपल्या भागातल्या उन्हाळ्यामुळे घ्यावीच लागते. नमुना तुमच्याच हाती देऊन दुसरीकडे नेऊन द्यायला सांगितलं, तर तो मोटरसायकलच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५च्या घरात जातो, त्या डिकीत पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो. थर्मासमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात, पण बर्फाला थेट टेकणार नाही असा ठेवा.

लॅबमध्ये काय होतं

आमच्याकडे आता बहुतेक ठिकाणी जेल कार्डावर ही तपासणी होते. प्लॅस्टिकचं एक लहान कार्ड असतं, त्यात सहा बारीक नळ्या, आणि नळ्यांत पारदर्शक जेल. वरच्या कप्प्यात माहीत असलेल्या तांबड्या पेशींचे थेंब टाकायचे, त्यावर आईच्या रक्ताचा पिवळसर द्रव, मग ३७ अंशांवर, म्हणजे शरीराच्याच उष्णतेत, पंधरा मिनिटं ठेवायचं. त्यानंतर कार्ड यंत्रात गरगर फिरवायचं. अँटिबॉडी नसतील तर सगळ्या पेशी जेलमधून सरकत तळाशी जाऊन बसतात आणि नळीच्या टोकाला लालभडक ठिपका दिसतो. अँटिबॉडी असतील तर पेशींच्या गाठी होतात, त्या जेलमधून खाली उतरत नाहीत आणि वरच लाल रेघ धरून राहतात. मधल्या मजल्यावर विखुरलेल्या दिसल्या तर अँटिबॉडी थोड्या आहेत. कार्ड उजेडासमोर धरलं की हे साध्या डोळ्यांनी दिसतं. तळाचा ठिपका दिसला की मला दरवेळी हायसं वाटतं.

नमुना देताना लॅबला तीन गोष्टी न विचारता सांगा: याआधी किती वेळा दिवस गेले होते, गर्भपातासकट, कधी रक्त चढवलं होतं का, आणि अँटी-डीचं इंजेक्शन घेतलं असेल तर तारीख. रक्त चढवलेल्या बाईत ‘डी’शिवाय दुसऱ्या अँटिबॉडीही सापडतात. सातपुड्यातल्या पाड्यांवर सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, त्यांना पुन्हा पुन्हा रक्त द्यावं लागतं, तेव्हा अशा घरातल्या बाईने हे आवर्जून सांगावं, मग तिचा रक्तगट पॉझिटिव्ह असला तरीही.

रिपोर्ट वाचताना

कागदावर दोनदा ‘निगेटिव्ह’ दिसेल आणि गोंधळ होईल. रक्तगट निगेटिव्ह ही तुमची ओळख. कूम्ब्स निगेटिव्ह ही चांगली बातमी, म्हणजे अँटिबॉडी तयार झालेल्या नाहीत आणि इंजेक्शनने पुढेही रोखता येतील. काही डॉक्टर पाचव्या महिन्याच्या आसपास मध्ये एकदा पुन्हा करून घेतात. त्यांनी सांगितलं तर करा.

तिसरी पायरी: २८वा आठवडा

या पायरीवर जरा थांबा.

तारीख स्वतः काढून ठेवा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून १९६ दिवस मोजले की २८ आठवडे पूर्ण होतात. पाळी १ जानेवारीला आली असेल तर ती तारीख १६ जुलैच्या आसपास पडते. पाळीची तारीख आठवत नसेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून डॉक्टर सांगतील. घरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करा आणि डोहाळजेवणाचा, माहेरी निघायचा दिवस त्यानंतरचा धरा. आधीच निघायचं ठरलं असेल तर माहेरच्या दवाखान्याची वेळ आतापासून घेऊन ठेवा. नवऱ्याने सासऱ्यांना, म्हणजे मुलीच्या वडलांना, स्वतः फोन करून सांगावं: “मामा, अमुक तारखेला तिची कूम्ब्स आणि इंजेक्शन आहे, तिकडे कुठे करायचं ते ठरवू या.” हे बायकांनी एकमेकींत बघून घ्यायचं काम नाही. नवऱ्याने केलेल्या या एका फोनने पुढचं बाळ वाचू शकतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं याहून कठीण. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या गुजरातकडे आणि पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात, सातवा महिना फडातच भरतो. निघण्याआधी आशाताईंकडून कार्डाची आणि रिपोर्टांची झेरॉक्स घ्या, फोनमध्ये फोटो काढा, आणि मुकादमाला तारीख सांगून ठेवा. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात हेच कार्ड चालतं.

त्या दिवशी क्रम असा: आधी कूम्ब्ससाठी रक्त द्यायचं, मगच अँटी-डी घ्यायचं. उलट केलं तर इंजेक्शनातल्या अँटिबॉडी तपासणीत सापडतात आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह दिसू शकतो. इंजेक्शननंतर काही आठवडे असं होतं. म्हणून पुढे कुणी कूम्ब्स करायला सांगितलं तर इंजेक्शनची तारीख आधी दाखवायची, नाहीतर घरभर उगाच घाबरगुंडी उडते.

अँटी-डी इंजेक्शन ३०० मायक्रोग्रॅमचं, स्नायूत देतात. बाळाच्या ज्या थोड्या पेशी आईच्या रक्तात आल्या असतील त्या आईच्या शरीराने ओळखण्याआधीच ते निकामी करतं. रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून, म्हणजे रक्तातल्या पिवळसर द्रवापासून, ते बनवत आले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांच्या रक्तात या अँटिबॉडी होत्या. १९५४ ते २०१८ या काळात त्यांनी ११७३ वेळा रक्त-प्लाझ्मा दान केला, अगदी म्हातारपणी वयाची मर्यादा आली तेव्हाच ते थांबले. २०२५ मध्ये ते गेले. दंडात टोचून घेतलेल्या औषधामागे अशी माणसं असतात, हे इंजेक्शन महाग म्हणून टाळणाऱ्या घरात मी मुद्दाम सांगते.

मेडिकलमधून विकत आणत असाल तर ते २ ते ८ अंशांतच राहिलं पाहिजे. दुकानदाराकडून फ्रीजमधलंच घ्या, बर्फाच्या पिशवीसोबत डब्यात ठेवा, गोठू देऊ नका आणि थेट दवाखान्यात न्या. टोचल्यावर बाटलीवरचं लेबल किंवा बॅच नंबर, मात्रा आणि तारीख कार्डावर चिकटवून घ्या.

हे इंजेक्शन कितपत कामाचं? काहीच घेतलं नाही तर पॉझिटिव्ह बाळ झालेल्या निगेटिव्ह आयांपैकी शंभरात साधारण बारा ते सोळा जणींत अँटिबॉडी तयार होतात. बाळंतपणानंतरचं एक इंजेक्शन घेतलं तर हे प्रमाण दोनच्या आत येतं. २८व्या आठवड्याचंही घेतलं तर हजारात एक-दोन जणींवर. हे २८व्या आठवड्याचं इंजेक्शनच आपल्याकडे सासर-माहेरच्या वाटेवर हरवतं.

कूम्ब्स पॉझिटिव्ह आली तर

घाबरायचं नाही, पण एक दिवसही घालवायचा नाही. ‘डी’विरुद्धच्या अँटिबॉडी एकदा तयार झाल्या की अँटी-डीचा उपयोग नसतो. आता लक्ष बाळावर ठेवायचं.

आधी ती अँटिबॉडी कोणती हे ओळखतात आणि किती आहे ते मोजतात. त्याला टायटर म्हणतात. रिपोर्टवर १:४, १:८, १:१६ असे आकडे येतात, दुसरा आकडा जितका मोठा तितक्या अँटिबॉडी जास्त. साधारण १:१६ किंवा १:३२ला पोहोचलं की बाळाला धोका असू शकतो असं धरतात. त्याच्या खाली असेल तर दर चार आठवड्यांनी, आणि सातव्यानंतर दर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजतात. टायटर प्रत्येक वेळी एकाच लॅबमधून करा. दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत, आणि इथेही माहेर-सासर बदललं की नेमका तोच घोळ होतो.

टायटर वाढलं की डॉप्लर सोनोग्राफी. बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या एका रक्तवाहिनीतला वेग मोजतात. रक्त कमी झालेल्या बाळात ते पातळ रक्त जास्त वेगाने धावतं, त्यावरून सुई न टोचता रक्तक्षयाचा अंदाज येतो. गरज पडली तर पोटातल्या बाळाला नाळेतून निगेटिव्ह रक्त देता येतं. हे मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणच्या गर्भचिकित्सा केंद्रांत होतं, आणि वेळेवर पोहोचलेली बाळं वाचतात. आधीचं एखादं बाळ याच कारणाने दगावलेलं किंवा त्याचं रक्त बदलावं लागलेलं असेल, तर टायटरवर न थांबता चौथा-पाचवा महिना लागतानाच तज्ज्ञ डॉक्टरांना गाठा.

बाळंतपण: ७२ तास

घरी बाळंत होऊ नका. पाड्यावर दाई कितीही हुशार असली तरी बाळाचा रक्तगट तिला करता येत नाही, आणि इथे तोच हवा असतो. आठव्या महिन्यातच दवाखान्यात विचारून ठेवा: नाळेतलं रक्त तपासायची सोय आहे का, आणि अँटी-डी शिल्लक आहे का?

बाळ जन्मल्यावर नाळेतून रक्त घेऊन त्याचा गट, हिमोग्लोबिन, बिलिरुबिन (काविळीचं प्रमाण) आणि ‘डायरेक्ट कूम्ब्स’, म्हणजे बाळाच्या पेशींना अँटिबॉडी चिकटल्या आहेत का याची तपासणी, करतात. बाळ निगेटिव्ह निघालं तर आईला इंजेक्शन नको. पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांच्या आत दुसरं अँटी-डी. रविवार आला, सुट्टी आली, डिस्चार्ज झाला, काहीही झालं तरी ते घेतल्याशिवाय घरी निघू नका. सिझर अवघड झालं किंवा वार हाताने काढावी लागली तर एक इंजेक्शन पुरलं का, हे डॉक्टर वेगळ्या तपासणीने बघतात. ७२ तास उलटूनच गेले असतील तरी “आता काय उपयोग” म्हणून बसू नका, दहा दिवसांपर्यंतही थोडाफार फायदा होतो, धावत जा.

बाळ पहिल्या २४ तासांत पिवळं दिसलं तर ती साधी कावीळ समजायची नाही. कोवळ्या उन्हात धरून ती उतरत नाही. लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्या. निळ्या प्रकाशाखाली ठेवून किंवा रक्त बदलून बाळाचा मेंदू वाचवता येतो, उशीर झाला तर कायमचं अपंगत्व येऊ शकतं.

मूल राहिलं नाही तरी

गर्भपात झाला, पिशवी साफ करावी लागली, गर्भ नळीत राहिला, मध्येच अंगावरून रक्त गेलं, मोटरसायकलवरून पडून पोटाला लागलं: यांतलं काहीही घडलं तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना “माझा रक्तगट निगेटिव्ह आहे” एवढं सांगा. किती आठवड्यांचा गर्भ होता त्यावरून इंजेक्शन आणि मात्रा ते ठरवतील. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घरीच गर्भ पाडला जातो, त्यात हे हमखास राहतं. कुणाला न सांगता केलं असेल तरी डॉक्टरांना सांगा. ते गुपित त्यांच्याजवळच राहतं.

दरवेळी दिवस गेले की हे सगळं पहिल्यापासून करायचं. मागच्या खेपेचं इंजेक्शन या खेपेला चालत नाही.

निगेटिव्ह रक्ताची सोय

बाळंतपणात बाईलाच रक्त लागलं तर निगेटिव्ह गट ऐनवेळी मिळायला वेळ लागतो. तिच्या सख्ख्या भावा-बहिणींत निगेटिव्ह असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, त्यांचे गट आठव्या महिन्यात तपासून घ्या. जे निगेटिव्ह निघतील त्यांना जिथे बाळंतपण होणार त्या रक्तपेढीत नाव नोंदवायला सांगा, आणि त्यांचे फोन नंबर माता-बाल कार्डाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.